तारेच्या टोकावरची वस्ती

चंद्रपूर शहराला लागून, दुर्गापूरच्या कोळसाखाणींच्या शेजारी आणि इरई धरणाच्या पाण्यावर चालणारे जे औष्णिक विद्युत केंद्र उभे आहे, ते महाराष्ट्रातील सरकारी मालकीच्या औष्णिक केंद्रांत सर्वांत मोठे. १९८३ साली त्याचा पहिला संच सुरू झाला. पुढे संचांमागून संच वाढत गेले. आरंभीचे दोन संच सेवेतून काढून टाकल्यावरही आज त्याची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे. आणि चंद्रपुराहून निघालेली ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी, पंधराशे मेगावॉट पेलण्याच्या ताकदीनिशी, साडेसातशे किलोमीटरांचा मुलूख ओलांडून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यास जाऊन पोचते. त्याच जाळ्यातली वीज उलट दिशेने, वैनगंगा ओलांडून, आष्टी-अहेरीच्या वाटेने एटापल्ली आणि भामरागडकडे निघाली की मात्र तिची अवस्था पालटू लागते. ११ केव्हीची वाहिनी साग, ऐन आणि वेळूच्या रानातून कोसच्या कोस जाते, गावाच्या रोहित्रापासून पुढे लघुदाबाच्या तारा टोल्याटोल्यांतून, म्हणजे वाड्यावस्त्यांतून, पांगतात, आणि ज्या विजेचा दाब कागदोपत्री २३० व्होल्ट असावयाचा ती दिवेलागणीच्या सुमारास शेवटच्या घरात शिरते तेव्हा कधी १७० वर आलेली असते, तर कधी १६० वर.

या टोकावरच्या वस्तीतही आता उपकरणे पोचली आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ठेवण्याची बर्फाच्या अस्तराची शीतपेटी आहे, नवजात अर्भकाला ऊब देणारा वॉर्मर आहे, हवेतून प्राणवायू वेगळा करून देणारे यंत्र आहे, हिवतापाची काचपट्टी पाहण्याचा दिव्याचा सूक्ष्मदर्शक आहे. आश्रमशाळेत संगणक, ग्रामपंचायतीच्या दप्तरात छपाईयंत्र, गिरणीत मोटार आणि घरोघरी टीव्ही व मोबाइलचे चार्जर आहेत. विजेच्या चढउतारापासून ही उपकरणे राखावयाची कोणी, ज्याची ती आहेत त्याने की जो वीज पुरवतो त्याने, या प्रश्नावर माझ्या निकट परिचयातील दोघांचा वाद मी पुष्कळ वेळ ऐकत बसलो होतो, आणि तो वाद त्या दोघांपुरता राहू नये असे वाटल्यावरून येथे लिहून काढीत आहे. त्यांपैकी एक गृहस्थ उपअभियंत्याच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले; वीज मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन कंपन्या झाल्या तरी त्यांच्या तोंडी अद्याप ‘मंडळ’ हाच शब्द आहे, आणि सेवेची बहुतेक वर्षे त्यांनी याच वनमुलखात काढली. दुसरी त्यांची भाची, दक्षिण गडचिरोलीतील एका आरोग्य केंद्राची वैद्यकीय अधिकारी.

मामांनी आपला पक्ष प्रथम मांडला. “रानातून जाणाऱ्या वाहिनीने शहरातल्या वाहिनीसारखे वागावे अशी अपेक्षा धरणे हाच तिच्यावर अन्याय आहे. मृगाच्या पावसात वेळूचे बेट भिजून जड होते, वाकते, त्याचा शेंडा तारेला टेकतो, ठिणगी उडते आणि तिकडे वीज उपकेंद्रातला ब्रेकर पडतो. वारा ओसरला की बेट पुन्हा उभे राहते, ऑपरेटर ब्रेकर लावतो, आणि घटकाभराने पुन्हा तेच. सबंध रात्र हे ज्याने पाहिले आहे त्याने फिर्याद कोणावर करावी? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता पाण्याखाली जातो, आणि जेथे माणूसच पोचू शकत नाही तेथे दुरुस्ती कशी पोचावी? तेव्हा माझे सांगणे असे की, मीटरच्या आतला बंदोबस्त ज्याचा त्याने करावा, नीट विचार करून करावा, आणि मग बाहेर काय चालले आहे याची फारशी फिकीर करू नये.”

“आणि हे केवळ खेड्यातल्या माणसाने करावयाचे असे मी म्हणत नाही,” ते पुढे म्हणाले. “तुझ्या वाटेवरचे भद्रावती घे. तेथे पॉवर ग्रिडने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक हजार मेगावॉटचे केंद्र उभारले, ते कशासाठी? पश्चिमेचे जाळे आणि दक्षिणेचे जाळे यांची वारंवारिता त्या काळी एकमेकींशी जुळत नसे. एकीकडे ओढ पडली की दुसरीकडचे संच डगमगले असते. म्हणून पश्चिमेकडची प्रत्यावर्ती वीज त्या आवारात शिरते, एकदिश होते, आणि त्याच आवारातून पुन्हा प्रत्यावर्ती होऊन रामगुंडमच्या बाजूला निघते. वीज पार होते, पण एकीकडची अस्थिरता दुसरीकडे जात नाही. जे एवढ्या मोठ्या जाळ्याने स्वतःच्या रक्षणासाठी केले तेच तू आपल्या शीतपेटीसाठी करावेस, यात गैर काय आहे?”

हा दाखला मला वजनदार वाटला होता, परंतु डॉक्टरबाईंनी तो तसाच घेतला नाही. “मामा, ती भिंत कोणी बांधली? रामगुंडमच्या किंवा बल्लारपूरच्या गिऱ्हाइकांनी वर्गणी काढून तर नव्हे. ज्यांची जाळी होती त्यांनीच ती बांधली. आणि भद्रावतीची पुढची हकिकत तुम्हीच मला सांगितली आहे. जुलै २००२ पासून पश्चिम विभागात नवा दर लागू झाला, आणि ठरल्याहून अधिक वीज जो ओढील त्याला त्या क्षणीच्या वारंवारितेप्रमाणे दाम मोजावा लागू लागला. म्हणजे जाळ्यात बेशिस्त करणाऱ्याच्या खात्यावर ती मांडली जाऊ लागली. वारंवारिता ताळ्यावर आली, आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकलय झाले. भिंतीने रक्षण झाले हे खरे, पण दुखणे बरे झाले ते हिशेबाने. आमच्या टोल्यावर भिंती बांधा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हिशेब मांडणारा कोणी भेटत नाही.”

“आणि कायदा तर तुमच्या नोकरीहूनही जुना आहे,” तिने जोडले. “भारतीय विद्युत नियम १९५६ चे. लघुदाबाच्या गिऱ्हाइकाला घोषित दाबाहून सहा टक्क्यांपेक्षा अधिक कमीजास्त दाब देऊ नये असे त्यांत होते, म्हणजे २३० चे २१६ व्हावेत किंवा फार तर २४४. २००३ च्या विद्युत अधिनियमानंतर सेवेचे मानदंड आले, नुकसानभरपाईची तरतूद आली, तक्रार निवारण मंच आला, नागपुरास विद्युत लोकपाल आला. इकडे शीतसाखळीसाठी स्टॅबिलायझर येतात ते तीन प्रकारचे असतात, १५० ते २८० व्होल्टचा, ११० ते २८० चा आणि ९० ते २८० चा. एका दप्तराने २१६ चे वचन द्यावे आणि दुसऱ्याने ९० चा स्टॅबिलायझर धाडावा, म्हणजे वचन पाळले जाणार नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. ज्या जिल्ह्याने कोळसा दिला, राख अंगावर घेतली, खाणींसाठी गावे उठवली, त्याच्याच शेजारच्या रानात ही स्थिती असावी हे मला सहन होत नाही.”

मामा रागावले नाहीत. अंगच्या शांतपणाने त्यांनी विषय दुसरीकडून धरला, आणि मला वाटते की वादाचा खरा गाभा येथूनच सुरू झाला. “तू चढउतार म्हणतेस तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरतेस. दाब उतरणे ही एक. न्यूट्रल तुटल्यामुळे दाब एकाएकी चढणे ही दुसरी. आणि विजेच्या कडकडाटात तारेवरून येणारा धक्का ही तिसरी. तिन्हींचे स्वभाव निराळे, काळ निराळे, आणि म्हणून उपायही निराळे. स्टॅबिलायझर हा यांतल्या पहिल्याचाच उपाय आहे. तो घेऊन माणूस निश्चिंत होतो, आणि पुढच्याच वळवाच्या पावसात त्याचा टीव्ही जळतो.”

“पहिल्याचेच पाहू. दाब उतरल्याने कोणाचे बिघडते? ज्यात मोटार आहे त्याचे. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० चे १६० झाले की जोर निम्म्याखाली जातो. शीतपेटीचा कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो, त्याला गती घेता येत नाही, तो जागच्या जागी घरघरतो, नेहमीच्या पाचसहापट प्रवाह ओढतो आणि त्याचे वेष्टन तापून जळते. धानाच्या गिरणीची मोटार याच रीतीने जाते. उलट आजचा टीव्ही, संगणक, मोबाइलचा चार्जर हे बहुधा शंभरपासून दोनशे चाळीसपर्यंत कोणताही दाब चालवून घेतात. लोक स्टॅबिलायझर विकत घेतात टीव्हीसाठी, ज्याला त्याची गरज उरलेली नाही, आणि फ्रिज उघडा ठेवतात.”

डॉक्टरबाईंनी येथे एक गोष्ट विचारली, आणि ती त्यांच्या नित्याच्या पाहण्यातली होती. त्यांच्या केंद्राच्या सबंध इमारतीसाठी पाच केव्हीएचा स्टॅबिलायझर बसवला होता. संध्याकाळी दाब उतरला की तो टक्‌कन आवाज करून वरच्या टॅपवर जाई, आणि त्याच क्षणी आवाराबाहेर राहणाऱ्या परिचारिकेच्या खोलीतला बल्ब आणखी पिवळा पडे. “हा माझा भास आहे काय, मामा? की आमचा दाब वर चढताना तिचा खाली जातो?”

या प्रश्नाचे उत्तर देताना मामांना आपल्याच पक्षाला धक्का लावावा लागणार होता, आणि त्यांनी तो लावला. जन्मभर मोजमापात वागलेल्या माणसाचा हा गुण मला आदरणीय वाटतो. “भास नाही. साधा बल्ब किंवा शेगडी दाब उतरला की कमी प्रवाह ओढते; ती आपणहून नमते घेते आणि तारेवरचा भार हलका करते. स्टॅबिलायझर तसे करीत नाही. आत २३० द्यावयाचेच असा त्याचा बाणा असतो, मग दाबात जे उणे पडले ते तो प्रवाहात वसूल करतो. एक किलोवॉटचे काम २३० वर ४.३५ अँपिअरमध्ये होते. १६० वर त्याच कामाला ६.२५ अँपिअर लागतात. प्रवाह जवळजवळ दीडपट, आणि तारेत वाया जाणारी उष्णता दुपटीहून अधिक. हा जादा प्रवाह त्याच बारीक तारेतून येतो, तारेतली घट वाढते, आणि पलीकडच्या घराचा दाब आणखी खाली बसतो. ते पाहून पलीकडचा माणूसही स्टॅबिलायझर आणतो. सबंध टोल्याने स्टॅबिलायझर घेतले तर कोणाचाच दाब सुधारत नाही. रोहित्र मात्र तापते.”

“मग ज्याला तुम्ही ज्याचा त्याने करावयाचा बंदोबस्त म्हणता, तो शेजाऱ्याच्या वाट्यातून होतो,” ती म्हणाली.

“उतरलेल्या दाबाच्या बाबतीत, होय. त्यावर खरा उपाय मंडळाकडेच आहे, आणि तो म्हणजे ११ केव्ही वस्तीच्या जितके जवळ नेता येईल तितके न्यावयाचे व लहान लहान रोहित्रे बसवावयाची. तेवढीच वीज ४०० ऐवजी ११,००० व्होल्टवर वाहिली तर प्रवाह सत्तावीसपट कमी होतो, आणि घट नावापुरती उरते. शेतीपंपांसाठी २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणालीची जी योजना निघाली तिचे मर्म हेच. तीच गोष्ट पंपांच्या ऑटो स्विचची. गेलेली वीज परत येते त्या क्षणी वाहिनीवरचे सगळे पंप एकदम सुरू होऊ पाहतात, प्रत्येक मोटार सुरुवातीचा तो पाचसहापट प्रवाह मागते, दाब कोसळतो, कोणाचीच मोटार उचलत नाही आणि रोहित्राच्या डी.पी.चा फ्यूज उडतो. ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर लावा, असे मंडळ वर्षानुवर्षे सांगत आले आहे, ऐकतो कोण? रात्री दोनला शेतावर जाऊन बटण दाबण्याचे श्रम वाचावेत म्हणून शेतकरी तो लावतो, आणि वाघाच्या रानात रात्री दोनला शेतावर जाण्याचे भय मला ठाऊक असल्यामुळे मी त्याला दोषही देऊ शकत नाही.”

हे शेवटचे वाक्य त्यांनी ओझरतेच उच्चारले, परंतु मला ते महत्त्वाचे वाटले. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात शेतीची वीज रात्री देणे म्हणजे शेतकऱ्याला बिबट्या-वाघाच्या वाटेवर पाठवणे होय, आणि दिवसा वीज मिळाली तर ऑटो स्विचचे कारणही पुष्कळसे संपेल. उपकरणाच्या रक्षणाचा प्रश्न असा मनुष्याच्या रक्षणापर्यंत जाऊन भिडतो. असो.

दुसऱ्या संकटाविषयी मामा अधिक आस्थेने बोलले, कारण त्यांच्या मते घरे उद्ध्वस्त करणारे संकट तेच. “तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा गावात फिरतात. प्रत्येक घर एका फेजवर. सगळ्यांची परतीची वाट एकच, न्यूट्रल. वादळात ती तुटली, किंवा तिचा सांधा गंजून निखळला, की एका फेजवरची घरे दुसऱ्या फेजवरच्या घरांशी मालिकेत जोडली जातात, आणि दोन फेजांमधले ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी समान होत नाही. ज्या फेजवर गिरणी चालू आहे तेथे दाब उतरतो, आणि ज्या फेजवर एक दिवा नि एक टीव्ही आहे त्या घरात तो सव्वातीनशे-साडेतीनशेवर चढतो. एका संध्याकाळी अर्ध्या आळीतले टीव्ही, चार्जर आणि एलईडी दिवे जातात ते असे. काही गावांत न्यूट्रल गेली की लोखंडी खुंटी जमिनीत ठोकून तिच्यावर काम चालवतात. त्या खुंटीच्या ओल्या जमिनीवर पाय पडलेले जनावर जागेवर मरते, आणि माणूसही मरू शकते.”

“यावर घरात काय करता येते?”

“ठराविक हद्दीबाहेर दाब गेला की पुरवठा तोडणारा आणि तो स्थिरावल्यावर काही मिनिटांनी पुन्हा जोडणारा रिले मिळतो. मीटरच्या लगत तो बसवावा. तोडणे हेच येथे रक्षण. तुझी शीतपेटी तर यासाठी आदर्श आहे. तिच्या अस्तरातला बर्फ नीट गोठलेला असेल तर चोवीस तासांत आठ तास चांगली वीज मिळाली तरी ती लसी दोन ते आठ अंशांत ठेवते. झाकण वर असल्यामुळे उघडले तरी जड थंड हवा आतच राहते. तिला सोळा तास वीज नाही मिळाली तर चालते. दहा मिनिटे वाईट वीज मिळालेली चालत नाही.”

“शीतपेटीचे ठीक आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांचा स्वर बदलला. “अर्भकाच्या वॉर्मरला मी तुमचा रिले लावू का? दीड किलोचे मूल त्यावर असताना दाब २७० वर गेला म्हणून तो पुरवठा तोडणार, आणि स्थिरावेपर्यंत थांबणार. प्राणवायूचे यंत्र तसेच. तुमचे तोडण्याचे शास्त्र वस्तूंसाठी आहे. माझ्याकडे ज्या वस्तू आहेत त्यांच्या दुसऱ्या टोकाला माणूस जोडलेला असतो.”

मामा यावर काही वेळ गप्प बसले. नंतर त्यांनी मान्य केले की तेथे बॅटरीवरचा पुरवठा हाच मार्ग, आणि शेजारच्या छत्तीसगडात क्रेडा या तेथील अक्षय ऊर्जा विकास संस्थेने शेकडो आरोग्य केंद्रांवर सौर संच बसवले तसे येथेही व्हावे. मात्र बॅटरीचे पाणी पाहणारा, पटलांवरची धूळ पुसणारा, जोडण्या घट्ट आहेत की नाहीत हे चाचपणारा माणूस नेमल्याविना संच देऊ नयेत, कारण इन्व्हर्टर हे स्वतःच एक नाजूक उपकरण असून त्यालाही तिसऱ्या संकटाचे भय तितकेच आहे.

तिसरे संकट म्हणजे तडिताघात. “तारेवर किंवा तारेच्या आसपास वीज पडली की येणारा धक्का सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजावा लागतो, आठ भागांत तो शिगेला पोचतो आणि विसाव्या भागापर्यंत निम्म्यावर येतो. स्टॅबिलायझरचा रिले हलावयाला त्याच्या हजारपट वेळ लागतो. तेव्हा स्टॅबिलायझरला हा धक्का दिसतच नाही. त्यासाठी धातूच्या ऑक्साइडची चकती असलेला रोधक लागतो, जो नेहमीच्या दाबाला निरोधक असतो आणि धक्का आला की क्षणार्धात वाहक होऊन तो जमिनीत सोडतो. रोहित्राच्या डोक्यावर मंडळाचा तडितरोधक असतो तो याच जातीचा. घरासाठीचा मीटरपेटीत बसतो. पण ध्यानात ठेव, न्यूट्रल तुटून चढलेला दाब मिनिटेच्या मिनिटे टिकतो, आणि ही चकती तो सोसू शकत नाही, ती स्वतःच जळते. एकाचे काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. आणि चकतीपासून अर्थच्या पट्टीपर्यंतची तार अर्ध्या मीटरहून लांब असता कामा नये. दहा हजार अँपिअरचा धक्का असेल तर त्या तारेच्या दर मीटरला हजारबाराशे व्होल्ट वाढतात. रोधक उत्तम आणि तार भिंतीवरून शोभेसाठी फिरवून आणलेली, असे मी किती ठिकाणी पाहिले!”

“आणि ती तार जाते कोठे?”

“जमिनीत. सगळे शेवटी तेथेच येऊन थांबते.” आणि मग ते आम्हां दोघांना आरोग्य केंद्राच्या आवारातल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे घेऊन गेले. सिमेंटचे झाकण उचलले तेव्हा आत सुकलेला पाचोळा होता; जस्ताच्या मुलाम्याचा नळ वरच्या टोकाला लालसर झाला होता; पट्टी आणि नळ यांना जोडणाऱ्या बोल्टवर कोणीतरी इमारत रंगवताना तोच पिवळा रंग फासला होता, आणि बोटाने हलवताच बोल्ट फिरला. कोळसा आणि मीठ एके काळी भरलेले होते, पण ज्येष्ठातल्या त्या जमिनीत ओल अशी उरलीच नव्हती. चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जातो. माती वाळते तसा जमिनीचा विरोध वाढत जातो, आणि वळवाचा पहिला कडकडाट नेमका अशाच वेळी येतो, जेव्हा अर्थिंगची स्थिती वर्षातली सर्वांत वाईट असते. मामांनी बादलीभर पाणी मागवून खड्ड्यात ओतले, बोल्ट घासून घट्ट केला, आणि म्हणाले की डी.पी.च्या खड्ड्यांची अवस्था याहून बरी असेल असे समजू नका. तेथे न्यूट्रलची, चौकटीची आणि तडितरोधकाची अशी निरनिराळी अर्थिंग असावयास हवी, तिचा विरोध शक्यतो पाच ओहमच्या आत असावयास हवा, पण प्रत्यक्षात तिची पट्टीच भंगारात विकली जाते.

मला येथे माझे मत नोंदवावेसे वाटते. या जिल्ह्यांत उपकरण राखणे म्हणजे यंत्र विकत घेणे, अशी जी समजूत रूढ झाली आहे तिच्यामुळे अर्थिंग आणि न्यूट्रल या दोन गोष्टी कोणाच्याच नजरेस पडेनाशा झाल्या आहेत. त्या कोणाच्या एकट्याच्या मालकीच्या नाहीत, म्हणून घरवाला त्यांकडे पाहत नाही, आणि त्या बिघडल्या तरी दिवा पेटतच राहतो, म्हणून मंडळाचा माणूसही पाहत नाही. उत्तम रोधक आणि उत्तम रिले यांच्यामागे जर कोरडा खड्डा असेल तर त्यांवर झालेला खर्च वाया गेला असे समजावे.

परत येऊन बसल्यावर डॉक्टरबाईंनी एक तजवीज सुचवली, आणि ती या मुलखाला शोभणारी होती. “२००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. विजेच्या तारांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी पंचाहत्तरपर्यंत झाडे, ग्रामसभेच्या शिफारशीने देता येतात. धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि पुढे जिल्ह्यात अनेक गावांना मिळाला. ज्या गावाच्या ताब्यात वेळूचे बेट आहे त्या गावानेच पावसाळ्यापूर्वी तारेखालचे बेट छाटण्याचा ठराव का करू नये? तुम्ही वेळूवर फिर्याद करता येत नाही म्हणालात. पण वेळूचा मालक आता ग्रामसभाच आहे.”

मामा प्रथम साशंक होते. तारेजवळचे छाटणीचे काम पुरवठा बंद करवून, लेखी परवाना घेऊन, लाइनमनच्या देखत झाले पाहिजे, अन्यथा उत्साहाच्या भरात कोणाचा तरी जीव जाईल, हे त्यांनी तीनतीनदा बजावले. परंतु कल्पना त्यांना पटली, आणि पटल्यावर ते स्वतःच कागद ओढून खर्डा करू लागले. अर्जात नुसते ‘दाब कमी येतो’ असे लिहू नये, त्याला आकडे जोडावेत, हा त्यांचा आग्रह. परवानाधारक वायरमनकडून पहाटे, दुपारी पंप चालू असताना आणि रात्री आठला, अशा तीन वेळा, प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांमधला दाब महिनाभर नोंदवहीत उतरवावा. शिवाय न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाबही प्रत्येक वेळी मोजावा, कारण भार तेवढाच असताना तो आकडा दिवसेंदिवस वाढू लागला तर कोठेतरी सांधा सैल होत आहे आणि न्यूट्रल तुटण्यापूर्वीच त्याची वर्दी मिळत आहे असे समजावे. डॉक्टरबाईंनी खाली भरपाईचे कलम घातले. मामांनी ते खोडले. तिने पुन्हा लिहिले.

“भरपाई मागितलीस की तो अर्ज कायदा शाखेकडे जाईल आणि सहा महिने तेथेच राहील,” ते म्हणाले.

“जाऊ द्या. एक प्रत मंचाकडेही जाईल. दाब २१६ च्या खाली गेला त्या प्रत्येक संध्याकाळचा हिशेब कोणाच्या तरी खात्यावर पडला पाहिजे.”

अखेर दोन कागद झाले. एक ग्रामसभेसाठी, ज्यात तारेखालच्या छाटणीची तारीख, ऑटो स्विच काढून घेण्याची मुदत आणि डी.पी.च्या खड्ड्यांत उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा पाणी घालण्याची जबाबदारी कोणत्या टोल्याकडे कोणत्या महिन्यात, हे होते. कुंपणाबाहेरून खड्ड्यापर्यंत पाण्याचा नळ लाइनमननेच बसवून द्यावा आणि कुंपणाच्या आत कोणी पाऊल टाकू नये, हे मामांनी त्यात स्वहस्ते घातले. दुसरा वीज कंपनीसाठी, भरपाईच्या कलमासकट. वॉर्मरच्या बॅटरीची मागणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे वेगळ्या पत्राने करावयाची ठरले; तिचा मसुदा करताना यंत्र किती वॉट घेते आणि ते सलग किती तास चालावे, हे दोन आकडे प्रथम लिहावेत, बाकीचे मागाहून, असे मामांनी सांगितले, आणि डॉक्टरबाई यंत्राच्या पाठीमागची पट्टी वाचावयास आत गेल्या.